भोंग्याचा कारखाना कोणी घ्यावा?

लहान कारखाना विकायला निघाला की आपल्याकडे निकाल आधी लागतो, सुनावणी नंतर होते. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतली चहाची टपरी असो की शहरातल्या सीएचे ऑफिस, बोलणे एकाच वळणावर येते. मालक थकला, मुले पुण्यात नाहीतर परदेशात, चीनचा माल निम्म्या भावात दारात येऊन पडतो. तेव्हा नाव एखाद्या मोठ्या घराण्याला विकावे, प्लॉटचे पैसे करावेत आणि मोकळे व्हावे. कारखाना स्पीकरचा असेल तर या सल्ल्याला आणखी धार येते. गाणे आता मोबाईलमध्ये आणि कानात गेले, भोंग्यावर कोर्टाची नजर बसली, मग दहा-वीस माणसांनी पेपर आणि कॉईल चिकटवत बसण्यात काय हशील?

हा पूर्वपक्ष उडवून लावण्यासारखा नाही. त्यातले पुष्कळ खरे आहे. मुठीएवढा ब्लूटूथ डबा आज घरातल्या टेपरेकॉर्डरची, डेकची आणि लाकडी पेट्यांची जागा घेऊन बसला आहे, आणि त्या डब्याच्या किमतीशी आपला लहान कारखानदार झुंजू शकत नाही. लाखांनी माल काढणाऱ्याला पत्र्याची जाळी ज्या भावात मिळते, त्या भावात शंभरांनी काढणाऱ्याला मिळत नाही, हा हिशेब कोणाच्याही भावनेने बदलत नाही. माझा वाद या हिशेबाशी नाही. त्यातून जो निष्कर्ष काढला जातो त्याच्याशी आहे. विक्रीला निघाला म्हणजे संपला, जे काही मोल आहे ते नावात आहे आणि मोठ्याच्या पदरात पडले म्हणजे सुरक्षित झाले, ही तीन विधाने या निष्कर्षाच्या पोटात गृहीत धरलेली असतात. तिन्ही चूक आहेत, आणि त्यांचा निम्मा पुरावा तर नगरच्याच वेशीत पडला आहे.

पहिले विधान घेऊ. स्पीकरच्या धंद्यात विक्री ही मरणाची खूण नाही. बहुतेकदा ती वारस नसण्याची खूण असते. इंग्लंडमध्ये बीबीसीतून निवृत्त झालेले डडली हारवुड यांनी १९७७ मध्ये हार्बेथ नावाचा छोटा कारखाना काढला. थोड्याच वर्षांत त्यांना तो सोडायचा होता. १९८६ मध्ये ॲलन शॉ यांनी तो घेतला. शॉ हे काही उद्योगसमूह नव्हते, एक ध्वनिवेडा माणूस होता. त्याने कारखाना लहानच ठेवला, कोनसाठी स्वतःचे प्लॅस्टिक तयार करवले, आणि हार्बेथची पेटी आजही बनते. स्पेन्सर आणि डोरोथी ह्यूज या जोडप्याच्या नावांची आद्याक्षरे जोडून बनलेली स्पेंडॉर कंपनी २००१ मध्ये अशीच एका जाणकाराच्या हाती गेली आणि चालू राहिली. दोन्ही ठिकाणी घेणारा लहान होता. दोघांनीही नावासोबत कारागीर घेतले, मोजमापाची पद्धत घेतली, चुका कुठे होतात याची माहिती घेतली.

मोठा घेणारा कसा असतो, तेही पाहू. वर्दिंग या गावी १९६६ मध्ये सुरू झालेली बाउर्स अँड विल्किन्स ही कंपनी लहान म्हणता येणार नाही, पण जगभरच्या स्टुडिओंत तिच्या पेट्या असत, लंडनच्या ॲबी रोडवरही. २०१६ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या एका नवख्या तंत्रज्ञान कंपनीने घेतली. २०२० मध्ये ती साउंड युनायटेडकडे गेली. २०२२ मध्ये साउंड युनायटेडच मॅसिमो या वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने एक अब्ज डॉलरहून अधिक देऊन उचलली. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजण्याचे यंत्र करणाऱ्यांना स्पीकर कशासाठी हवेत, असे शेअरबाजारानेही विचारले. बातमी आल्यावर एका दिवसात मॅसिमोचा भाव तिसऱ्या हिश्शाहून अधिक कोसळला. २०२५ मध्ये तोच सगळा पसारा ३५ कोटी डॉलरला सॅमसंगच्या मालकीच्या हार्मनने घेतला. नऊ वर्षांत चार मालक! मोठ्याच्या पदरात पडणे म्हणजे सुरक्षित होणे असेल, तर ही सुरक्षितता एका पदरातून दुसऱ्यात फेकले जाण्याची आहे.

आणि मोठे स्वतःच बुडतात तेव्हा? आपल्या शेजारी, पैठण रस्त्यावरच्या चितेगावात, व्हिडिओकॉनचा कारखाना होता. मराठवाड्यातून निघून देशभर टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन विकणाऱ्या या नावाला नगर-संभाजीनगर पट्ट्यात जी इज्जत होती ती दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. देणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे ६४ हजार कोटींच्या वर होते आणि २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केलेली बोली होती २,९६२ कोटींची. घेणारा जवळपास काहीच देत नाही, असे खुद्द न्यायाधिकरणानेच त्या वेळी म्हटले, आणि २०२२ मध्ये ती मंजुरी अपिलात रद्दही झाली. नाव मोठे, जाहिरात मोठी, कर्ज त्याहून मोठे. नाव हेच भांडवल असते तर देशातल्या घराघरात पोचलेल्या नावाला गिऱ्हाइकांची रांग लागायला हवी होती.

आता नावाचा मुद्दा सरळ हातात घेऊ, कारण पूर्वपक्षाचा सगळा भार त्यावर आहे. नगरमध्ये एल अँड टी म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. आयटीआय झालेल्या मुलाला 'एल अँड टीत लागला' म्हटल्यावर स्थळे येत. हा स्विचगिअरचा कारखाना ज्या विभागात होता, तो अख्खा विभाग १४ हजार कोटींना श्नायडर इलेक्ट्रिकला विकण्याचे २०१८ मध्ये ठरले आणि २०२० च्या ऑगस्टअखेर व्यवहार पुरा झाला. नाव मर्यादित मुदतीपुरते वापरायला मिळाले, आणि २०२४ मध्ये मालावर लॉरिट्झ नुडसेन हे नवे नाव आले. नवे तरी कसे म्हणावे? लॉरिट्झ नुडसेन ही मुळात एक जुनी डॅनिश कंपनी, आणि एल अँड टीचे संस्थापक लार्सन व टुब्रो हे दोघेही डॅनिश. तर नाव गेले, आणि कारखाना? कारखाना आहे तिथेच आहे. साचे, टेस्टिंगची सोय, व्हेंडरांची साखळी आणि कामावरची माणसे असा चालता धंदा एकगठ्ठा विकला गेला. म्हणजे नाव हा व्यवहारातला सर्वांत आधी सुटणारा भाग ठरला.

कायनेटिकची गोष्ट याच्या उलट बाजूने तेच सांगते. दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातून निघालेली लुना १९७२ ची. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक नगरकराच्या घरात तिची एक तरी आठवण असते. पुढे होंडाबरोबर भागीदारी झाली, पिथमपूरला स्कूटर बनू लागली, १९९८ मध्ये होंडा बाहेर पडली, आणि २००८ मध्ये कायनेटिक मोटरचा दुचाकीचा धंदा ११० कोटींना महिंद्राकडे गेला. घेणारा किती मोठा! वाहनधंद्यात महिंद्रापेक्षा भक्कम पदर शोधून सापडला नसता. तरीही काही वर्षांत त्या स्कूटरी शोरूममधून दिसेनाशा झाल्या. या व्यवहारात नगरची कायनेटिक इंजिनिअरिंग नव्हती. ती गिअर, शाफ्ट, गिअरबॉक्स अशी बाजारात नाव न दिसणारी कामे करत राहिली. २०२४ च्या फेब्रुवारीत विजेवर चालणारी लुना आली, तेव्हा तिचा सांगाडा नगरच्याच कारखान्यात बनला. विकलेली बाजू विरली, आणि जिला कोणी गिऱ्हाईक शोधले नव्हते ती लोखंड कापणारी, दाते पाडणारी बाजू उभी राहिली.

यावर पूर्वपक्ष म्हणेल की स्विचगिअर आणि मोपेड वेगळे, स्पीकर वेगळा. स्पीकरमध्ये आहे काय? एक चुंबक, थोडी तार, कागदाचा कोन. हे म्हणणारे बहुधा स्पीकर उघडलेला पाहत नाहीत.

जुन्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत जळालेले स्पीकर बांधून देणारा एक कारागीर बसतो. गणपती, नवरात्र झाले की त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पंधरा इंची स्पीकर त्याने उलटा धरला, कडेच्या गोंदावर थिनर सोडला आणि मऊ झालेला पेपर सोलून काढला. खाली चुंबकाची खाच उघडी पडली. तिची रुंदी मिलिमीटर-दोन मिलिमीटर, आणि त्यात जळालेल्या कॉईलची काळी पूड. चिकटपट्टी खाचेत फिरवून त्याने ती पूड टिपली. लोखंडाचा एक कण राहिला तरी कॉईल घासणार. मग नवी कॉईल मधल्या खांबावर बसवली, आणि ती चारही बाजूंनी सारखी मध्यभागी राहावी म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मच्या कापलेल्या पट्ट्या मध्ये सरकवल्या. कोणाच्या तरी मोडलेल्या बरगडीचा फोटो असेल तो. पट्ट्या घातलेल्या असतानाच कॉईल धरून ठेवणारी कापडी जाळी चिकटवली, त्यावर पेपर, कडेला गोंद, वर वजन. गोंद वाळल्यावर पट्ट्या ओढल्या, लवचीक वायरी डागल्या, पेपरवर बोटे सारखी ठेवून हळूच आत दाबला आणि कान जवळ नेला. घासत नाही, याची खात्री झाल्यावरच मधली टोपी चिकटवली.

मी विचारले, कंपनीची कॉईल आहे का ही? त्याने शेजारचा स्पीकर दाखवला. चांगल्या नावाचा होता, फ्रेम शाबूत, चुंबक भारी. तो म्हणाला, "याची कॉईल आता येत नाही. जवळच्या मापाची टाकली तर वाजतो, पण पहिल्यासारखा नाय वाजत."

या एका वाक्यात पूर्वपक्षाचे खंडन पुरते आहे असे मला वाटते, तरी थोडे उकलून सांगतो. कॉईलचा व्यास, तारेची जाडी, थरांची संख्या, नळी कागदाची की कॅप्टॉन फिल्मची, गोंद किती तापमान सोसतो, जाळी किती ताठ, पेपरच्या लगद्यात काय मिसळले, या प्रत्येक मापाचा आवाजाशी संबंध आहे, आणि ही मापे कारखान्यातल्या चार वह्यांत आणि दोन माणसांच्या डोक्यात असतात. स्पीकरला दिलेल्या विजेतले शेकडा एक-दोन भागच आवाज होतात, बाकीची उष्णता होते. त्यामुळे कॉईल जळणे हा अपघात नाही. कडक वाजवणाऱ्या धंद्यात ती झिजणारी वस्तूच आहे. जो कारखाना कॉईल पुरवतो तो जिवंत. ज्याचे नाव मोठ्या कंपनीने विकत घेतले आणि कॉईल बंद केली, तो कागदोपत्री जिवंत. इंग्लंडमध्ये याचा धडा सगळ्यांनी एकदम घेतला. बीबीसीने १९७० च्या दशकात आखलेली एलएस ३/५ए ही छोटी पेटी परवान्यावर अनेक लहान कारखाने बनवत, पण आतली युनिटे एकट्या केईएफची असत. केईएफने ती युनिटे बनवणे थांबवले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती पेटीही थांबली. परवाना होता, नाव होते, मागणी होती. युनिट नव्हते.

महाराष्ट्रात या धंद्याचा सर्वांत थोर इतिहास ज्या घराचा आहे, तेही नावाच्या बाजूने साक्ष देत नाही. १९०९ मध्ये सिंधमध्ये सुरू झालेला मोटवाने यांचा व्यवसाय कराचीमार्गे मुंबईत आला आणि 'शिकागो रेडिओ' झाला. नाव अमेरिकेचे, घराणे सिंधी, कारखाना पुढे नाशिक रोडला. नानिक मोटवाने यांनी १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या अधिवेशनांना लाऊडस्पीकर पुरवले. गांधी-नेहरूंच्या त्या काळच्या फोटोंत मायक्रोफोनवर शिकागो रेडिओची पाटी स्पष्ट दिसते. सभेत लाखभर माणसांना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणे ही त्या काळी राजकारणाची गरज होती, आणि ती भागवणारा माणूस सरकारच्या डोळ्यांवर येणारच. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवरच्या 'छोडो भारत' ठरावानंतर पहाटे नेते पकडले गेले. कार्यकारिणीचे नेहरू, आझाद, पटेल नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंद झाले, आणि बाहेर उषा मेहतांनी त्याच महिन्यात भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. तो नोव्हेंबरात पकडला गेला, तेव्हा आरोपींत नानिक मोटवानेही होते; खटल्यात ते निर्दोष सुटले. एवढे पुण्य ज्या नावाच्या गाठी, ते नाव आजच्या तरुण साऊंडवाल्याला विचारा, त्याला बहुधा ठाऊक नसेल. इलेक्ट्रिशियनला विचारा, तो खिशातला मोटवाने मल्टिमीटर दाखवेल. मोजमापाचे कौशल्य त्या घराने धरून ठेवले म्हणून ते टिकले. नाव ऐतिहासिक असल्याचा फायदा इतिहासकारांना झाला.

चीनच्या मालाचे काय? या मुद्द्यावर आपल्याकडे फार घाबरून बोलले जाते. मुठीएवढ्या डब्याची बाजारपेठ गेली, ती गेली. तिच्यामागे धावू नये. पण मंडपातला, भजनी मंडळाचा, मढीच्या यात्रेतल्या सूचना देणारा, शाळेच्या पटांगणातला, मोहटादेवीच्या गडावर रांगेला दिशा सांगणारा स्पीकर हा वेगळाच माल आहे. पेटीत बहुतांश हवा असते आणि हवा जहाजातून आणणे महाग पडते. म्हणून पेट्या आजही इथले सुतार प्लायमधून ठोकतात. चुंबक मोठ्या स्पीकरला फेराइटचे चालते. २०२५ च्या एप्रिलपासून चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा वाहनधंद्यात जी धावपळ उडाली ती फेराइट वापरणाऱ्याला फारशी लागली नाही. शिवाय जत्रेच्या आदल्या रात्री स्पीकर बसला तर शेंझेनला फोन करून उपयोग नसतो. ज्याच्याकडून सकाळपर्यंत कॉईल येते, त्याचाच माल पुढच्या वर्षी घेतला जातो. आकड्यांचा भुलभुलैयाही इथे चालत नाही. डब्यावर हजार वॅट पीएमपीओ लिहिलेले असले तरी ताकद दुप्पट केल्यावर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो, हे साऊंडवाल्याला पुस्तक न वाचता ठाऊक असते.

भोंग्यावर कायदा आला म्हणून धंदा संपला, हे म्हणणे तर मला उलटेच वाटते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री १० ते सकाळी ६ बंदी घातली. नियम जुनाच, अंमलबजावणी मात्र आता कुठे दात दाखवू लागली आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगितले, आणि आवाजाची मर्यादा उपकरणातच बसवण्याचा विचार सरकारने करावा असेही सुचवले. ही सूचना नीट वाचली तर ती ऑर्डरच आहे. सगळ्या गावावर ओरडणारा एक भोंगा काढून, रांगेतल्या माणसाशी हळू बोलणारे दहा छोटे कॉलम स्पीकर लावायचे, आणि प्रत्येकाची कमाल पातळी कारखान्यातच बांधून द्यायची. हे काम आयात डब्याने होत नाही, कारण देवळाच्या ओवरीचे माप घेऊन कोणाला तरी तिथे उभे राहावे लागते. डीजेच्या भिंतींबद्दल मला सहानुभूती नाही. लोकांच्या खिडक्या हलवणारा धंदा आक्रसला तर आक्रसू द्यावा. त्यात ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांना हे आवडणार नाही.

मग राहिला प्लॉट. 'मशीनचे काय, भंगारात जाईल. खरा पैसा जमिनीत' हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने बोलले जाते की ऐकणाऱ्याला वाटावे सातबारा मालकाच्या नावावर आहे. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असतो. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर महामंडळाची परवानगी लागते, हस्तांतराचे शुल्क भरावे लागते, आणि तिथे गोदाम किंवा मंगल कार्यालय काढू म्हटले तर ते आपल्या मनावर नसते. जमिनीच्या किमतीने कारखान्याची किंमत ठरवणारा सल्लागार दुसऱ्याच्या मालमत्तेची किंमत लावत असतो. उलट कॉईल गुंडाळण्याचे मशीन, फ्रेमच्या डाय, पेपर बसवण्याचे जिग आणि त्या चार वह्या यांची किंमत बँकेच्या मूल्यांकनात नगण्य धरतात. वह्यांची तर शून्यच. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही या मूल्यांकनावर विश्वास ठेवला की व्यवहार नावाचा आणि प्लॉटचा होतो, आणि कारखाना मधल्यामध्ये गळून पडतो.

तर कोणी घ्यावा? कामगारांनीच घ्यावा, असे डाव्या बाजूने लगेच सांगितले जाईल, आणि मला त्या उत्तराविषयी आदर आहे, पण भाबडेपणा नको. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्जचा कारखाना मालकांच्या घरच्या भांडणात बंद पडला होता. १९८८ मध्ये तो कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हाती आला. देशभर कौतुक झाले, पहिली काही वर्षे तो चाललाही, आणि मग खेळत्या भांडवलाअभावी अडखळला. माणसांना काम येत होते. कच्चा माल उधारीवर कोण देणार आणि पक्का माल कोण उचलणार, हे प्रश्न कामगारांच्या हातात नव्हते. डेन्मार्कच्या स्कॅन-स्पीकने हीच गोष्ट जरा शहाणपणाने केली. मोठ्या समूहात दोन-तीनदा विलीन झाल्यावर २००९ मध्ये तिच्या व्यवस्थापकांनीच ती सोडवून घेतली, जगभरातल्या पेटी बनवणाऱ्या कंपन्यांशी थेट संबंध ठेवले, आणि २०१४ मध्ये तैवानच्या ईस्टेकने ती घेतली तरी युनिटे डेन्मार्कमध्येच बनत राहिली. तिथे गिऱ्हाईक आधीपासून बांधलेले होते, म्हणून मालक बदलल्याने काम बदलले नाही.

नगर जिल्ह्याला हा विचार परका नसावा. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा कारखाना कामगारांच्या मालकीचा नव्हता आणि भांडवलदाराच्याही नव्हता. ज्याचा ऊस कारखान्याविना शेतात वाळून जाईल, तो मालक होता. पुढे कित्येक सहकारी कारखान्यांचे काय झाले, राज्य बँकेच्या लिलावात ते कोणाच्या पदरात पडले, हे जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ती अधोगती सभासद उसाऐवजी मतासाठी धरला जाऊ लागल्यानंतरची. मूळ कल्पनेत खोट नव्हती. स्पीकरच्या कारखान्यात ऊस कोणाचा? साऊंडवाल्यांचा, मंडपवाल्यांचा आणि गल्लीत बसून कॉईल बदलणाऱ्यांचा. कारखाना बंद झाला तर कामगार दुसरीकडे लागेल, मालक पुण्याला मुलाकडे जाईल. ज्याच्या गोदामात त्या कारखान्याचे साठ स्पीकर पडून आहेत, तो मात्र त्या दिवसापासून भंगाराचा धनी होतो.

हे लोक पैसेवाले नाहीत असे समजू नका. एकेका साऊंडवाल्याने जनरेटर, ट्रक आणि लाइटिंगमध्ये घातलेली रक्कम ऐकली तर बँकेचा अधिकारी खुर्ची पुढे ओढतो. खासगी कंपनीला २०० पर्यंत भागधारक चालतात, म्हणजे सहकारी संस्थेच्या नोंदणीत आणि निवडणुकीत अडकण्याचीही गरज नाही. दीडशे जणांनी ५०-५० हजार घातले तर ७५ लाख होतात. दोन जुने फोरमन आणि विकणारा मालक यांना थोडे भाग देऊन दोन वर्षे बांधून ठेवले, तर वह्यांत नसलेलेही हाती येते. मालकाला मोठ्या घराण्याकडून याहून जास्त मिळेल, असे टपरीवर सांगितले जाईल. मिळेलही, नावाचे. पण त्या करारात सुट्या भागांचा पुरवठा किती वर्षे, हे कलम शोधून पाहावे. ७५ लाखांत प्लॉट येणार नाही, हे मान्य. डाय, जिग, मशीन आणि वह्या येतील. शेड भाड्याने मिळते, महामंडळाची परवानगी काढून.